साडूभाऊंच्या बारा चकत्या

जगात आजवर पुष्कळ माणसांनी पुष्कळ काकड्या विकत घेतल्या असतील, पण आमच्या साडूंइतका विचार करून कोणीही घेतलेली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. मुलुंड पूर्वेच्या मंडईत ते काकडीवालीसमोर उकिडवे बसतात तेव्हा आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना वाटतं, या गृहस्थांचं काहीतरी हरवलंय. आधी एक काकडी उजव्या हातात, मग तीच डाव्या हातात, मग दोन हातांत दोन घेऊन तराजूसारखं वरखाली, आणि शेवटी एक उचलून थेट कानापाशी. काकडी बोलत नाही हे त्यांना ठाऊक आहे. "पण आतून पोकळ असली तर टिचकीचा आवाज वेगळा येतो," असं त्यांचं म्हणणं. ते दिसले की काकडीवाली शेजारणीला "जरा बघ गं" म्हणते आणि चहा प्यायला जाते. ती परत येईपर्यंत साडूंचा निर्णय झालेला असतो, आणि तो असा की आज कोशिंबीर टोमॅटोची करावी.

साडू हे नातं म्हणजे एकाच घरात दोनदा घडलेली चूक. पहिली चूक ते, दुसरी मी. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमची ताई, हिला पाहायला ते गेले तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर "विचार करून कळवतो" म्हणाले, आणि इतका विचार केला की शेवटी ताईनेच निरोप पाठवला, "तुमचा विचार झाला नसेल तर माझा झालाय, मुहूर्त काढा." आयुष्यात त्यांनी घेतलेला हा एकमेव झटपट निर्णय, आणि तो ताईने घेतला. नोकरीही त्यांना त्यांच्या स्वभावाला साजेशी मिळाली. भांडुपच्या एका पंख्यांच्या कारखान्यात ते क्वालिटी कंट्रोलला होते. फिरणारा पंखा किती थरथरतो हे बघायचं, आणि जास्त थरथरला तर परत पाठवायचा. तीसेक वर्षं त्यांनी पंखे परत पाठवले. निवृत्त झाल्यावर कारखान्याने त्यांना निरोप म्हणून पंखाच दिला. तो त्यांनी तीन वेळा बदलून आणला.

मुलीच्या लग्नासाठी हॉल बघायचा होता तेव्हाची गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगितली जाते. रिकामा हॉल बघून काय कळणार, हॉल भरलेला बघायला हवा, असा त्यांनी सिद्धान्त मांडला आणि मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत दिसेल त्या अनोळखी लग्नाला हजेरी लावू लागले. शेवटच्या रांगेत बसून मंगलाष्टकं नीट ऐकू येतात का, पंगतीत वाढप्याला वळायला जागा आहे का, हात धुवायच्या नळाला पाणी कितपत जोरात येतं, सगळं तपासायचं. प्रत्येक ठिकाणी नवऱ्यामुलाकडच्यांना वाटायचं हे मुलीकडचे, आणि मुलीकडच्यांना वाटायचं हे मुलाकडचे. घाटकोपरच्या एका लग्नात तर त्यांना मुलीचा रुसलेला काका समजून चौघांनी हात धरून पुढे नेलं, फोटोत उभं केलं, आणि वर टोपी-नारळ दिला. साडू घरी आले ते टोपी घालूनच. "हॉल ठीक आहे," ते म्हणाले, "पण माणसं फार चांगली आहेत, त्यामुळे हॉलचा अंदाज येत नाही."

असा हा माणूस पोकर खेळू लागला, यात दोष त्यांच्या मुलीचा. आम्ही पाच जण वर्षानुवर्षं रविवारी जेवणं झाली की साडूंच्या हॉलमध्ये बसून रमी खेळायचो. साडू, मी, वरच्या मजल्यावरचे शहाभाई, पोस्टातून निवृत्त झालेले कांबळे, आणि साडूंचा शाळेपासूनचा मित्र वसंता. मुलगी परदेशातून सुट्टीला आली आणि तिने आम्हाला पोकर शिकवला. जाताना म्हणाली, "बाबा, हा तुमचाच खेळ आहे. यात विचार करावा लागतो." झालं! त्या दिवसापासून साडू एकेका पानावर इतका विचार करू लागले की शहाभाई मध्ये वर जाऊन औषध घेऊन येत, कांबळे शब्दकोडं सोडवत, आणि वसंता म्हणे, "बोल रे बाबा काहीतरी. नाहीतर तुझ्या बाजूने मीच हरतो, चल." प्रत्येकी दोनशे रुपयांचा खेळ असायचा, पण जिंकणाऱ्याने सगळ्यांच्या नाश्त्याचे पैसे द्यायचे असा आमचा नियम होता, त्यामुळे आमच्याकडे जिंकलेला माणूस नेहमी तोट्यात जायचा आणि हरलेल्याचं तोंड बटाटेवड्याने भरलेलं असायचं.

या वसंताबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यासाठी घडलं. आईवडील मालवणकडचे, जन्म मुलुंडचा. बोलतो मुंबईचं, पण चिडला किंवा गहिवरला की गावाकडे जातो. आमच्यात पानं पिसण्याचा मान त्याचा. त्याने गड्डी हातात घेतली की आम्ही गप्प व्हायचो. पानं एका हातातून दुसऱ्या हातात अशी सळसळत जायची की शहाभाईंची नात ते बघायला मुद्दाम खाली यायची. बोलणंही त्याच वेगाने. साडूंच्या विचारीपणावर आयुष्यभर तोंडसुख घेण्याचा हक्क त्याने शाळेतच मिळवला होता.

एका रविवारी पानं पिसताना गड्डी त्याच्या हातातून उधळली. शहाभाईंनी पानं गोळा करून दिली. मग डाव सुरू झाला. तेव्हा आम्ही खरीच नाणी वापरायचो, बरणीभर. वसंताने नाण्यांची चळत पुढे सरकवायला हात नेला, आणि हात असा काही थरथरला की चळत कोसळली. रुपये, दोन रुपये, पाच रुपये घरभर. दिवाणाखाली, शोकेसखाली, ताईच्या शिलाई मशीनखाली. आम्ही चौघं प्रौढ गृहस्थ ताबडतोब जमिनीवर रांगू लागलो, आणि तेच चुकलं. वसंता एकटा खुर्चीवर बसून आमच्या पाठी बघत राहिला. हसला, "उठा रे, कंबरा धरतील," म्हणाला. पुढच्या रविवारी त्याचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या रविवारी त्याला लग्नाला जायचं होतं. पितृपक्षात. साडू म्हणाले, "पितृपक्षात लग्न कोण करतं?" ताई आतून म्हणाली, "ज्याला यायचं नाही तो करतो."

खरं काय ते त्याच्या बायकोनेच ताईला सांगितलं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला होता. गोळ्या चालू होत्या, जिवाला भीती नव्हती, पण हाताचं काही सांगता येत नव्हतं. आता तो जेवायलासुद्धा चारचौघांत बसत नाही, ती म्हणाली. कोणाकडे गेला तर चहा नको म्हणतो. दिवसभर घरात टीव्हीसमोर.

मी म्हटलं, "साडूभाऊ, आपण चौघं जाऊ, त्याला समजावू, हाताला धरून घेऊन येऊ."

"हाताला धरून?" साडूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परत पाठवायचा पंखा आहे. "तू त्याला ओळखत नाहीस. त्याला दया दाखवलीस तर तो घाटकोपरला राहायला जाईल. माणसाला बोलवायचं नाही. टेबल बदलायचं."

आणि आमच्या साडूंनी टेबल बदलायला घेतलं.

पोकरमध्ये पैशांऐवजी रंगीत गोल चकत्या वापरतात. चिप्स म्हणतात त्यांना. कोणता रंग किती रुपयांचा आणि प्रत्येक खेळाडूला कोणत्या रंगाच्या किती द्यायच्या, या वाटणीला म्हणायचं ब्रेकडाऊन. हा शब्द साडूंना इंटरनेटवर सापडला आणि लहान मुलाला शिट्टी सापडावी तसा तो दिवसभर वाजू लागला. तिथल्या जाणकारांचं मत असं की घरगुती खेळाला माणशी निदान पन्नास-साठ चकत्या हव्यात, त्यात बारीक किमतीच्या भरपूर, म्हणजे खेळ मोकळा चालतो आणि सारखी मोड मागावी लागत नाही. "मान्य," साडू म्हणाले. "पण साठ चकत्या म्हणजे सहा चळती. वसंताने त्या कशा सांभाळायच्या? चकत्या कमी हव्यात, पण इतक्या कमी नकोत की खेळच होणार नाही. आणि त्याला कळता कामा नये. सगळ्यांना सारख्याच." त्यांनी आपला हा पेच त्या जाणकारांपुढे मांडला, कारण न सांगता. दहा-बारा चकत्यांत खेळ बसवता येईल का, एवढंच विचारलं. एका परदेशी गृहस्थाने उलट विचारलं, तुम्ही लिफ्टमध्ये बसून खेळता का? साडूंनी प्रामाणिकपणे उत्तर दिलं, नाही, हॉलमध्ये.

विकत घेण्याआधी चाचणी झाली पाहिजे, हा त्यांचा जन्माचा नियम. चकत्या तर घरात नव्हत्या. तेव्हा त्यांनी ताईचे डबे उघडले. मूग म्हणजे दोन रुपये, हरभरा म्हणजे दहा, राजमा म्हणजे पन्नास, आणि बँकेचा राखीव साठा म्हणून कडवे वाल, शंभराचे. दोन-तीन रविवार आम्ही चौघं कडधान्यांवर पोकर खेळलो. मूग बोटांना चिकटायचे, हरभरे घरंगळायचे, आणि शहाभाई हिशेबी माणूस, ते वालाच्या दाण्यांवरून नजर काढेनात. "या खेळात जिंकण्यापेक्षा," ते म्हणाले, "वाल खिशात टाकून घरी जाणं फायद्याचं नाही का?" चाचणीचे सगळे दाणे साडूंनी एका पातेल्यात झाकून ठेवले होते, पुढच्या रविवारी वाटणी बदलून बघायला. शुक्रवारी ताईने पातेलं उघडलं, मिश्र कडधान्य बघितलं, आणि कोणीतरी शहाण्यासारखं निवडून ठेवलंय असं समजून भिजत घातलं.

रविवारी आम्ही गेलो तेव्हा साडू स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. चेहरा असा, की मला वाटलं घरात कोणी आजारी आहे.

"बँक भिजली," ते म्हणाले.

"मोड आलेत छान," ताई म्हणाली. "रात्री जेवूनच जा सगळे."

आम्ही बँक जेवलो. खोबरं, आमसूल, वरून कोथिंबीर. कांबळे दोनदा मागून घेत होते. साडू मात्र प्रत्येक घासाला थांबून बघत होते. "हा पन्नासाचा होता," ते खिन्नपणे म्हणाले, आणि राजमा चावू लागले.

पण त्या उसळीतून त्यांना एक गोष्ट पटली, की दाण्यांवर चाचणी घेऊन उपयोग नाही, वजन हवं. मग सुरू झाली दुकानं. सांताक्रूझच्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात चांगल्या चकत्या मिळतात असं कळल्यावर ते मला घेऊन तिथे गेले. दुकानदाराने हलक्या प्लॅस्टिकच्या दाखवल्या, गुळगुळीत चिनीमातीच्या दाखवल्या, आत धातूची चकती घातलेल्या जड दाखवल्या. साडूंनी प्रत्येकीवर टिचकी मारली. कानाशी नेली. मी दुसरीकडे बघू लागलो. शेवटी ते म्हणाले, "प्रत्येक प्रकारच्या दहा-दहा द्या. घरी बघतो, मग ठरवतो."

"काका," दुकानदार म्हणाला, "ये भाजी नहीं है. छुट्टा नहीं मिलता. पूरा डब्बा लो."

साडू हटले नाहीत. ते तिथे इतका वेळ उभे राहिले, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चकत्यांच्या कडेच्या जाडीबद्दल इतक्या आपुलकीने समजावून सांगू लागले, की दुकानदाराने हात जोडले आणि नमुने नुसतेच दिले, परत आणण्याच्या बोलीवर.

त्या संध्याकाळी मी जे पाहिलं ते जगात दुसऱ्या कोणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. साडूंनी ताईच्या वॉशिंग मशीनमध्ये दोन चादरी घातल्या, ड्रायर चालू केला, आणि थडथडणाऱ्या मशीनच्या झाकणावर चकत्यांच्या चळती रचल्या. पंख्याच्या कारखान्यात थरथरीची चाचणी अशीच घ्यायचे म्हणे. हलक्या प्लॅस्टिकच्या चकत्या मशीन सुरू होताच पळून गेल्या. चिनीमातीच्या एकमेकींवरून घसरल्या. जड चकत्या उभ्या राहिल्या, पण त्याही किती उंच? दहाची चळत पडली. आठाची पडली. सहाची डुलत डुलत पडली. पाचाची उभी राहिली. साडू मशीनवर दोन्ही तळवे टेकून, डोळे चळतीच्या उंचीला आणून उभे होते. मशीनबरोबर त्यांचे गालही थरथरत होते. "पाच," ते म्हणाले, आणि तोही शब्द थरथरतच बाहेर आला. "कोणत्याही रंगाच्या पाचाच्या वर नाही."

ताई दारात उभी होती. ती एरवी अशा वेळी काय बोलली असती ते मला ठाऊक आहे. ती म्हणाली, "अजून एक चादर घालू का? जास्त हलेल."

तर असा तयार झाला आमच्या साडूंचा ब्रेकडाऊन. दोन रुपयांच्या पाच, दहाच्या चार, पन्नासाच्या तीन. बरोबर दोनशे. माणशी बारा चकत्या, एकही चळत पाचाहून उंच नाही. मोड सारखी लागणार, तर ती साडू स्वतः बँकेत बसून देणार. तीनशे चकत्यांचा पूर्ण डबा विकत घ्यावा लागला, त्यातल्या काळ्या आणि निळ्या चकत्या डब्यातच राहणार होत्या, तरी साडूंनी तक्रार केली नाही. येताना आम्ही अंधेरीहून मेट्रो धरली, तर तपासणीच्या पट्ट्यावर ती चकचकीत पेटी बघून तिथल्या शिपायाने ती उघडायला लावली.

"ये क्या है? कसिनो?"

"नहीं," साडू म्हणाले. "मुलुंड."

मग त्यांनी त्याला वाटणी समजावली. मागे रांग वाढत होती. शिपायाने विचारलं, दोनच्या पाचच का, जास्त का नाहीत? साडूंचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत योग्य प्रश्न विचारणारा हा पहिला माणूस. त्याला पूर्ण उत्तर मिळाल्याशिवाय मी साडूंना तिथून हलवू शकलो नाही.

आता वसंताला आणायचं कसं? साडूंनी बोलावलं नाही. त्यांनी आमच्या पाचजणांच्या ग्रुपवर संदेश टाकला: "या रविवारपासून खेळाचे नवीन नियम. चकत्या माणशी बारा. मी एकट्याने ठरवले आहे. कोणाला मान्य नसल्यास प्रत्यक्ष येऊन बोलावे. फोनवर ऐकून घेतले जाणार नाही." शाळेपासूनच्या मित्राला ओळखणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. रविवारी दुपारी आम्ही बसतो न बसतो तोच बेल वाजली. दारात वसंता. दोन्ही हात पँटच्या खिशात.

"खेळायला नाही आलोय," तो म्हणाला. "भांडायला आलोय. बारा चकत्यांत कोणी पोकर खेळतं का रे? एकट्याने ठरवलं म्हणे! तू कधीपासून ठरवायला लागलास?"

"बस," साडू म्हणाले.

"बसत नाही."

पण टेबलाकडे त्याचं लक्ष गेलं. पाच जागा, प्रत्येक जागेसमोर तीन बुटक्या चळती. तो बघत राहिला. त्याने एकदा शहाभाईंकडे बघितलं, ते पंख्याकडे बघू लागले. कांबळ्यांनी शब्दकोडं उघडलं, ते उलटं होतं. मी चष्मा पुसायला घेतला. आमच्यासारखे वाईट नट मुलुंडच्या रंगभूमीवरही पूर्वी झाले नसतील. वसंताला सगळं कळलं. त्याचा चेहरा लाल झाला आणि तो तडक गावाला पोचला.

"माका काय खुळो समजतस काय रे? ह्या माझ्यासाठी केलंस तू?"

इथे कोणीही शहाणा माणूस खोटं बोलला असता. मी तर तीन-चार खोट्या गोष्टी तयारच ठेवल्या होत्या. पण साडूंनी आयुष्यभर खरा रिपोर्ट लिहिलेला.

"हो," ते म्हणाले. "तुझ्यासाठीच. सहाची चळत पडते. पाचाची पडत नाही. मी वॉशिंग मशीनवर चाचणी घेतली."

कांबळ्यांनी शब्दकोडं सुलटं केलं.

"कशावर?" वसंता हळूच म्हणाला.

"वॉशिंग मशीनवर."

"म्हणजे मी वॉशिंग मशीन?"

"नाही, नाही," साडू घाईघाईने म्हणाले, "ड्रायर. साध्या धुण्याला तर आठही उभ्या राहतात. तुला कमी धरलं नाही मी."

वसंताच्या तोंडातून आधी एक विचित्र आवाज आला. मला वाटलं हा आता रडतो. मग तो हसला, आणि असा हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. खिशातले हात कधीच बाहेर आले होते, थरथरत होते, आणि तो ते पोटावर दाबून हसत होता. "ड्रायर!" तो म्हणायचा, आणि पुन्हा हसायचा. "चादरी घातल्या होत्या की नुसतंच?" "दोन," ताई आतून म्हणाली. "मी तिसरी घालू म्हणत होते." साडू एकटे गंभीर होते. यात हसण्यासारखं काय आहे, चाचणी रीतसर झाली होती. डोळे पुसत वसंता खुर्चीवर बसला. "वाट रे," तो म्हणाला. "बघू तुझो ब्रेकडाऊन."

पानं आता पिसायची नव्हती, टेबलावर पसरून दोन्ही तळव्यांनी कालवायची होती, हाही साडूंचा नवा नियम. वसंताने ती कालवली आणि खेळ सुरू झाला. आणि मग असं काहीतरी झालं जे साडूंच्या कोणत्याही चाचणीत आलं नव्हतं. पोकरमध्ये समोरच्याचा हात थरथरला की त्याच्याकडे भारी पानं आहेत असं समजतात. वसंताने पन्नासाची चकती थरथरत पुढे सरकवली की शहाभाई लगेच पानं टाकून देत. कांबळेही देत. पूर्वी वसंता थाप मारायचा तेव्हा त्याची भुवई उडायची आणि आम्हाला लगेच कळायचं. आता भुवईकडे कोणाचं लक्षच नव्हतं. तो एकामागून एक डाव घेत सुटला.

"हात बघा त्याचा," कांबळे कुजबुजले. "नक्की मोठं काहीतरी आलंय."

"मेल्या," वसंता म्हणाला, "हात सकाळपासून थरथरता. दात घासताना काय माझ्याकडे तीन एक्के होते?"

त्या दिवशी नाश्त्याचे पैसे त्यानेच दिले, आणि चहाही आमच्यात बसून घेतला. ताईने काही न बोलता कप अर्धाच भरला होता. आम्हा सगळ्यांचेच अर्धे. शहाभाईंनी एरवी याबद्दल मोठं भाषण केलं असतं.

याला आता दोनेक वर्षं झाली. वसंताचा हात तेव्हापेक्षा जास्त हलतो, हे आम्हाला दिसतं आणि कोणी बोलत नाही. गेल्या वर्षी कधीतरी साडू म्हणाले, दोनाच्या चकत्यांना डाग पडतायत, त्या काढून टाकू. मी नंतर डबा उघडून बघितला, एकावरही डाग नव्हता. मग काही महिन्यांनी दहाच्या गेल्या, त्यांचा रंग म्हणे डोळ्यांना त्रास देतो. आता प्रत्येकासमोर पन्नासाच्या चार चकत्या असतात, वेगवेगळ्या मांडलेल्या, एकीवर एक नाही. चार चकत्यांत पोकर होत नाही. एक डाव बोलायचा आणि घरी जायचं. तो परदेशी गृहस्थ आता काय विचारेल कोण जाणे. पण आमची रविवारची बैठक पूर्वीपेक्षा लांबते, कारण दोन डावांच्या मध्ये वसंताला बोलायला पुष्कळ वेळ मिळतो, आणि साडू अजूनही एका पानावर तेवढाच विचार करतात.

परवाच्या रविवारी वसंताने आपल्या समोरच्या चारही चकत्यांवर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. चकत्या टेबलावर हलक्या वाजत होत्या. मग त्याने साडूंकडे बघितलं.

"पुढल्या खेपेक किती देतलंस?"

साडूंनी पानं गोळा करता करता मान खाली घातली. "अजून ठरवलं नाही," ते म्हणाले. "विचार चालू आहे."

"कर," वसंता म्हणाला. "सावकाश कर."

आणि साडूंनी पानं वाटायला घेतली.